मी खोडलेला सोळा

तिरंदाज पात्र म्हणजे अंगावर वार न घेता लढाईत मिरवायची सोय, असं मी नऊ वर्षं मानत होतो. तोंडाने कधी बोललो नाही. पण रविवारी आमच्या टेबलावर कुणी धनुष्यवाला माणूस घेऊन आलं, की मनात त्या खेळाडूची किंमत थोडी उतरायची. बाकीचे पुढे होऊन मार खाणार आणि हा झाडाआडून बाण सोडणार.

आम्ही पात्रं वठवत गोष्ट खेळायचो आणि ती चालवणारा गेम मास्टर मी होतो. आमच्या जगात जादू जवळपास नव्हतीच. जखम मंत्राने भरून येत नसे, मोडलेला हात दोन-दोन महिने गळ्यात अडकवून फिरावं लागे. अशा जगात लांब उभं राहणं मला लबाडीचं वाटायचं आणि त्याची शिक्षाही मी द्यायचो. पाऊस पाडायचो, दोरी भिजवायचो, भात्यातले वीस बाण एकेक करून मोजायला लावायचो. तलवारीची धार गेली का, हे मात्र नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. याला मी वास्तवता म्हणायचो. खरं तर तो आकस होता.

अशात आमच्याकडे एक नवी मुलगी खेळायला आली. तिने पहिलंच पात्र घरून लिहून आणलं होतं. मेंढपाळाची पोर, रुंद खांद्यांची, बोलायला तुटक, हातात बापाने केलेलं धनुष्य. स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद सोळा, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई दहा. मी म्हटलं, आकडे उलटे झालेत. ती म्हणाली, "दादा, ही सात वर्षांची असल्यापासून धनुष्य ओढतेय. मग खांदे असे होणारच ना?"

मी तिला नियम वाचून दाखवला. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत लाँगबोचा नेम डेक्स्टेरिटीवर आणि इजाही डेक्स्टेरिटीवरच. स्ट्रेंग्थ वाया जाईल, असं म्हणत मी तिच्यासमोरचा कागद ओढला, सोळा खोडून दहा लिहिला आणि सोळा खाली नेला. एका मिनिटात तिची मेंढपाळीण सडपातळ आणि चपळ झाली. हजार वेळा पाहिलेली.

तीन-चार रविवारांनंतर ती यायची थांबली. तिला हा खेळ मानवला नाही, अशी मी माझी समजूत घातली.

पुढे कामासाठी दीड वर्ष इंग्लंडमध्ये होतो. पोर्ट्समथला 'मेरी रोझ' बघायला गेलो तो जहाजासाठी. आठव्या हेन्रीचं हे जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं गेलं. त्यात शंभराहून अधिक अखंड धनुष्यं आणि हजारो बाण सापडले. त्यातली बरीच धनुष्यं पूर्ण ओढायला १०० ते १८० पौंडांच्या आसपास जोर लागत असावा, असा अंदाज आहे. म्हणजे ४५ ते ८० किलो. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं. बुडालेल्यांपैकी काहींच्या खांद्याच्या पात्याच्या टोकाचं हाड, जे वाढत्या वयात जुळून यायला हवं, ते जुळलेलंच नव्हतं. पोरवयापासून जड धनुष्यं ओढल्याचा हा परिणाम असावा, असं अभ्यासकांना वाटतं. मी ते वाचलं, रंजक आहे म्हटलं आणि पुढे गेलो. माहितीने माझं काहीच हललं नाही.

हललं ते दोन महिन्यांनी. एका सहकाऱ्याचे वडील जुन्या पद्धतीची तिरंदाजी करायचे. त्यांच्या मागच्या शेतात त्यांनी माझ्या हातात यू लाकडाचं धनुष्य दिलं. पाठीकडून फिकट, पोटाकडून तांबूस, माझ्याहून उंच. नव्वद पौंडांचं. त्यांच्या लेखी ते हलकंच. बाण लावला नव्हता. "ओढा, पण दोरी सोडू नका," एवढंच ते म्हणाले. रिकामी दोरी सोडली तर धनुष्य मोडू शकतं.

दोरी वीतभर आली आणि थांबली. वजन उचलताना जड वाटतं तसं हे नव्हतं. भिंतीला दोर बांधून ओढावं तसं होतं. डावा हात थरथरायला लागला, पाठीत दोन पात्यांच्या मधोमध कळ आली, बोटांत दोरी रुतली. नेम धरायचा असतो हे तर मला आठवलंसुद्धा नाही. सोडायला बंदी, म्हणून तीच वीत हळूहळू परत न्यावी लागली, आणि ते ओढण्याहून अवघड गेलं. त्या परतीच्या वाटेत मला ती मुलगी आठवली. "मग खांदे असे होणारच ना?"

मग त्यांनी ओढलं. साठीचा, माझ्याहून बुटका माणूस. हाताने ओढतच नव्हते ते. धनुष्य आणि दोरी यांच्या मध्ये छाती घालून शिरत होते. सगळी पाठ त्यात गेली, क्षणभर दोरी कानाशी आली आणि बाण गेला.

घरी येऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. सीतास्वयंवर मी आजीच्या मांडीवर ऐकलेलं. तिथे भलेभले राजे हरले ते नेम चुकून नव्हे. त्यांना शिवधनुष्य हललंच नाही. द्रौपदीच्या स्वयंवरातही कित्येकांना प्रत्यंचाच चढवता आली नाही. इतकं ऐकूनही मी लक्षात ठेवला तो फक्त पक्ष्याचा डोळा. नियमांवरही मला ढकलता येत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ताकदवान माणसासाठी जास्त ताणाचं धनुष्य होतं, 'गर्प्स' या दुसऱ्या खेळात तर प्रत्येक धनुष्याला स्वतःची ताकद असते. दोन्ही पुस्तकं माझ्या कपाटात होती. मला हवा तेवढाच नियम मी वाचला आणि तो एका नवख्या मुलीच्या अंगावर फेकला.

आता कुणी तिरंदाज करतो म्हटलं की मी आधी विचारतो, पहिलं धनुष्य कितव्या वर्षी आणि कुणी दिलं? इंग्लंडचे धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी १५४९ साली राजासमोरच्या प्रवचनात सांगितलं होतं, की वडील त्यांना वय आणि ताकद वाढेल तसं नवं, मोठं धनुष्य घेऊन देत. म्हणजे तिरंदाज घडायला अख्खं बालपण लागतं. हे धरलं की बाकीचं आपोआप येतं. धनुष्य नदीत गेलं तर मेलेल्या शत्रूचं उचलून चालत नाही, ते ओढता आलं पाहिजे. उपासमारीच्या हिवाळ्यानंतर स्वतःचंही ओढवत नाही. आमच्या टेबलावर आता नेम डेक्स्टेरिटीवर आणि इजा स्ट्रेंग्थवर.

आणि ती सुरक्षित अंतराची गोष्ट. पाचव्या आवृत्तीचा नियम आहे, की लढाईनंतर एक मिनिट शोधलं तर सोडलेल्यातले निम्मे बाण परत मिळतात. ते मिनिट मी नऊ वर्षं एका वाक्यात उरकलं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा ते पूर्ण खेळवलं. आमच्या तिरंदाजाने पळत्या निरोप्याला पाडलं होतं. बाण घ्यायला तो चालत गेला. निरोप्या पंधराएक वर्षांचा पोरगा निघाला, पोटात बाण, अजून जिवंत. आमच्या जगात पोटाची जखम बरी करणारं कुणी नाही. भात्यात दोनच बाण उरले होते. खेळाडूने फासे हातात घेतले आणि परत खाली ठेवले. तलवारवाले तोवर पुढच्या टेकडीवर गेले होते. मागे राहिला तो लांबून मारणारा.

भारतात परतल्यावर जुन्या फायलीत तिचा कागद सापडला. मी दहा खोडून सोळा लिहिला, फोटो काढला आणि तिला पाठवला. सोबत लिहिलं, तुझं बरोबर होतं, मी चुकलो. रात्री उशिरा उत्तर आलं. रविवारी तिला आता वेळ नसतो, मुलगी लहान आहे. "पण कागद टाकू नका, दादा," असं तिने खाली लिहिलं होतं.