बर्डीचा किल्ला आणि फोनवरचा तिरंगा

राष्ट्रीय सणाला फोनवरून जाणाऱ्या शुभेच्छापत्राचे मूळ शोधायचे तर छापील कार्डापेक्षा तारेकडे पाहावे लागते. दिवाळीला, नाताळला पाकिटातून कार्डे येत. १५ ऑगस्टचे कार्ड पोस्टमनने घरी आणून दिल्याचे उदाहरण विरळाच. तारखात्याकडे मात्र शुभेच्छांच्या ठरीव वाक्यांची क्रमांकवार यादी असे. पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा. तारेतून तेवढाच आकडा जाई आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पूर्ण वाक्य होई. दिवाळी, ईद, लग्न, परीक्षेतील यश यांच्याबरोबर त्या यादीत स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिनही होते. तेव्हा शुभेच्छा आयत्या आणि उसन्या झाल्या, ही आजची तक्रार तशी जुनीच. फरक इतकाच की तारेला पैसे पडत आणि कोणाला पाठवायची ते ठरवून पत्ता लिहावा लागे.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट २०१४ रोजी, केंद्र सरकारने ई-ग्रीटिंग्जचे संकेतस्थळ सुरू केले. सरकारी खात्यांनी छापील कार्डांऐवजी ही पाठवावीत असा हेतू होता, आणि कार्डांची चित्रे नागरिकांकडूनही मागवण्यात आली. लोकांना मात्र सरकारी दुकानाची गरज उरली नव्हती. व्हॉट्सअॅप घरोघरी पोचले आणि कार्ड निवडण्याचे कामच संपले. आलेले पुढे ढकलले की झाले. २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत २ ते १५ ऑगस्टदरम्यान समाजमाध्यमांवरील आपल्या चित्राच्या जागी तिरंगा लावण्याचे आवाहन झाले, आणि शुभेच्छा पाठवणाऱ्याचा चेहराही झाकला गेला.

नागपुरात या सगळ्याला एक स्थानिक जोड आहे. सीताबर्डीचा किल्ला, नागपूरकरांचा ‘बर्डीचा किल्ला’, लष्कराच्या ताब्यात असून सर्वसामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांपुढे पराभव झाला. किल्ला त्यानंतर इंग्रजांनी बांधला. म्हणजे जिथे नागपूरचे राज्य हरले, तिथेच नागपूरकर स्वातंत्र्यदिनी पोराबाळांना घेऊन चढतात. गालावर तिरंगा रंगवलेले पोर, मागे तट, खाली बर्डीची गर्दी असे छायाचित्र निघते, त्यावर दोन शब्द टाकले जातात आणि घरच्या गटात कार्ड पोचते. लाल किल्ल्यावरून तीन रंगांचा धूर सोडत जाणाऱ्या विमानांच्या तयार चित्रापेक्षा हे कार्ड वेडेवाकडे असते, पण शुभेच्छा कोणी पाठवली ते त्यात दिसते.

तयार कार्डांत चुका फार. २६ जानेवारीच्या कार्डावर लाल किल्ला येतो. तिथला पंतप्रधानांचा ध्वजारोहणाचा सोहळा १५ ऑगस्टचा, प्रजासत्ताकदिनाचे संचलन कर्तव्यपथावर. अशोकचक्राला आरे चोवीस हवेत, ते चित्रकाराच्या सोयीने कमीजास्त होतात. ‘कितवा’ हा घोळ तर दरवर्षीचा. २०२२ मध्ये स्वातंत्र्याला ७५ वर्षे पूर्ण झाली, पण तो स्वातंत्र्यदिन ७६ वा होता, कारण १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला. एकाच गटात सकाळी दोन्ही आकडे येतात आणि हिशेबावरून दुपारपर्यंत वाद चालतो. खरे तर त्या दिवशीचा सगळ्यात जिवंत संवाद तोच.

कायद्याची बाजू फार कोणी पाहत नाही. राष्ट्रप्रतिष्ठेचा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यात राष्ट्रध्वज म्हणजे केवळ कापडी ध्वज नव्हे. ध्वजाचे चित्र, रेखाटन, छायाचित्रही त्यात येते. ध्वजावर कोणताही मजकूर लिहिणे हाही अवमानच धरला आहे. कायद्याच्या शब्दाला धरून पाहिले, तर पांढऱ्या पट्ट्यावर ‘हार्दिक शुभेच्छा’ असे टपोऱ्या अक्षरांत लिहिलेली कार्डे अडचणीत येतात. त्यावर खटला भरायला सहसा कोणी जात नाही आणि जाऊही नये. पण ध्वजाशेजारी मोकळी जागा सोडून तिथे मजकूर लिहिणे अवघड नाही. दुकानाचे नाव, सवलतीचा आकडा किंवा इच्छुक उमेदवाराचा फोटो तिरंग्यावर चढवणारे मात्र भोळेपणाचा आधार घेऊ शकत नाहीत. व्यापारासाठी राष्ट्रध्वजाचा विनापरवाना वापर १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने मना आहे.

नागपुरात तर एकेकाळी झेंड्याचे चित्र नव्हे, झेंडा हातात धरून चालणे हाच गुन्हा होता. १९२३ मध्ये सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन मिरवणूक नेण्यास बंदी घातली गेली. १ मे रोजी जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने झेंडा सत्याग्रह सुरू झाला. बजाज तुरुंगात गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली आणि देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांपैकी दीड हजारांहून अधिकांना अटक झाली. १८ ऑगस्टला मिरवणूक बंदी असलेल्या भागातून गेली. त्या झेंड्यावर चक्राच्या जागी चरखा होता. किल्ला आणि सिव्हिल लाइन्स एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही नागपूरकरांच्या फोनवर १५ ऑगस्टला या सत्याग्रहाचे कार्ड क्वचितच येते.

कार्डांचे पुढे काय होते, हा प्रश्नही आहेच. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकी वृत्तपत्र वॉल स्ट्रीट जर्नलने लिहिले की वेस्टर्न डिजिटल या साठवण-उपकरणांच्या कंपनीच्या माहितीनुसार भारतात दर तीनपैकी एका स्मार्टफोनधारकाची जागा रोज संपते आणि गूगलच्या संशोधकांना शुभप्रभातची चित्रे हे त्याचे मोठे कारण आढळले. सणांची कार्डे त्याच ढिगात जातात. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नयेत, खासगीत आणि मानाने त्यांची विल्हेवाट लावावी, असे ध्वजसंहिता सांगते. १६ ऑगस्टला बर्डीच्या रस्त्यावर पडलेले झेंडे उचलणारी माणसे त्यामुळेच दिसतात. फोनमधल्या तिरंग्यांबद्दल संहितेत काही नाही. जागा कमी पडली की ते शंभराच्या घाऊक निवडीत, विजेच्या बिलाच्या फोटोसोबत पुसले जातात.