तंजावरचा सरस्वती महाल

रामेश्वरच्या यात्रेस जाणारीं आपल्याकडील कुटुंबें तंजावरास बहुधा एक दुपार देतात. बृहदीश्वराचें प्रचंड देवालय पाहावें, एकाच पाषाणांतून घडविलेला तो नंदी पाहावा, प्राकाराच्या सावलींत बसून फराळ करावा आणि संध्याकाळच्या गाडीनें पुढें निघावें, असा क्रम ठरून गेलेला आहे. देवळापासून सुमारें अर्ध्या कोसावर जुना राजवाडा आहे व त्यांत एक ग्रंथसंग्रह आहे, हें पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. परंतु यात्रेंत पोथ्या पाहावयास सवड कोणास? यंदाच्या माघांत आम्ही उभयतां तेथें चार दिवस राहिलों, ते मुख्यतः या संग्रहासाठीं. वाचकांपैकीं ज्यांस दक्षिणेकडे जाण्याचा योग येणार असेल, त्यांनीं एक दुपार वाढवून ठेवावी, एवढ्याचसाठीं हें लिहीत आहें.

तंजावरशीं आपला संबंध काय, हें त्या देवळांतच कळूं लागतें. चोळांच्या तमिळ लेखांनीं भरलेल्या त्या आवारांत एका भिंतीवर बाळबोध अक्षरांत मराठी मजकूर खोदलेला दिसतो आणि मनुष्य थबकतो. हा भोसले कुळाचा वृत्तांत सन १८०३ त खोदविलेला असून तो इतका लांब आहे कीं, उभ्यानें वाचून संपविणें माझ्यासारख्या वृद्धाच्या पायांस झेपण्याजोगें नाहीं. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं सन १६७५ च्या सुमारास येथें राज्य स्थापिलें आणि पुढें पावणेदोनशें वर्षांवर कावेरीच्या कांठीं मराठी घराणें नांदलें. समर्थांच्या संप्रदायाचे मठ त्या प्रांतीं झाले. आपल्याकडील कीर्तनकार एकोणिसाव्या शतकांत तिकडे गेले, आणि आज तमिळ हरिकथेंत साकी, दिंडी, ओंवी हीं वृत्तें गाइलीं जातात तीं त्यांच्यामुळें.

वृत्तांत खोदविणारा राजा दुसरा सरफोजी. तुळजाराजांनीं त्यास सन १७८७ त दत्तक घेतलें. पण गादी अमरसिंहाच्या हातीं गेली आणि पोराचें रक्षण व शिक्षण श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्याकडे आलें. कांहीं वर्षें त्यास मद्रासेस ठेवून शिकविलें. सन १७९८ त तो गादीवर बसला, आणि दुसऱ्याच वर्षीं कंपनी सरकारानें तह करून सगळा मुलूख आपल्याकडे घेतला. राजाच्या अंमलाखालीं राहिला तो किल्ला, आणि हातीं नेमणुकीचा पैसा. अशा स्थितींत संस्थानिक काय करीत, याचे दाखले इतिहासांत हवे तितके आहेत व ते मुलांपुढें वाचण्यासारखे नाहींत. ह्यानें पुस्तकें घेतलीं.

शिक्षकाच्या पेशामुळें असेल, परंतु ह्या राजाविषयीं मला आदर वाटला तो आणखी एका गोष्टीनें. गुरु वारल्यावर त्यानें लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून आणलें. अंथरुणावर श्वार्ट्झ पडला आहे आणि राजा त्याचा हात हातांत घेऊन उभा आहे, असें तें शिल्प किल्ल्यांतील ख्रिस्तमंदिरांत आहे. गुरूचा धर्म त्यानें घेतला नाहीं, आपला सोडला नाहीं, आणि ऋण मात्र विसरला नाहीं.

आतां ग्रंथालयाकडे वळूं. त्याचें मूळ नायक राजांच्या काळापर्यंत जातें. सरफोजीनें त्यास आजचें रूप दिलें. सन १८२० त तो काशीयात्रेस निघाला तो मोठ्या लवाजम्यानिशीं, आणि तेथें त्यानें संस्कृत हस्तलिखितें जमविलीं. युरोपांतून छापील ग्रंथ मागविले ते चार हजारांवर. त्यांतील अनेकांवर त्याची इंग्रजी सही आहे. आज संस्कृत हस्तलिखितेंच सुमारें ३९,००० आहेत. मराठी तीन हजारांवर, तमिळही तितकींच, शिवाय तेलुगु. तंजावरास न्यायाधीश असलेल्या बर्नेल या पंडितानें संस्कृत ग्रंथांची सूचि केली ती सन १८८० त लंडनास छापून झाली. राजवंश सन १८५५ त निपुत्रिक संपला; तरी संग्रह विखुरला नाहीं, आणि सन १९१८ त तो सर्वांकरितां खुला झाला. पोथ्या अभ्यासकांस मिळतात. आपल्यासारख्यांसाठीं निवडक वस्तूंचें दालन आहे.

त्या दालनांत ताडपत्रें आहेत, चित्रें आहेत, आणि फ्रेंच चित्रकार ल ब्रून यानें माणसांचीं व जनावरांचीं तोंडें शेजारीं शेजारीं काढून दाखविलेलें साम्यही आहे. त्यांतील घुबडासारख्या गृहस्थापाशीं आमच्या मंडळींस माझ्या एका जुन्या मुख्याध्यापकांची आठवण झाली. नांव लिहीत नाहीं.

पोथ्या टिकविण्याची तेथील रीत घरोघरच्या गृहिणींस ऐकण्यासारखी आहे. वेखंड, मिरें, लवंग, दालचिनी, काळें जिरें यांची पूड कापरासह फडक्याच्या पुरचुंडींत बांधून ग्रंथांजवळ ठेवतात. तिच्या वासानें कसर लागत नाहीं. ताडपत्रांस गवती चहाचें तेल लावून तीं लवचिक राखतात. बाळंतिणीच्या खोलींतलें वेखंड येथें पाणिनीच्याही उशाशीं आहे, हें पाहून मला मोठें कौतुक वाटलें.

परंतु संग्रहाचा आकार सांगून त्याचा स्वभाव कळत नाहीं. राजेलोक पुस्तकें जमवितात तीं पुष्कळदां दागिन्यांसारखीं. सरफोजीचीं पुस्तकें कामाला लागलेलीं होतीं. त्यानें धन्वंतरी महाल म्हणून वैद्यशाळा काढली. तेथें आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींचे वैद्य एकत्र बसवून औषधें पारखलीं जात. गुणास आलेल्या औषधांच्या कृति तमिळ पद्यांत बांधवून ठेवल्या, म्हणजे खेड्यांतल्या वैद्यासही पाठ व्हाव्या. नेत्ररोग, श्वासकास, मधुमेह असे त्यांचे भाग पुढें ग्रंथालयानेंच छापले आहेत. डोळ्यांच्या रोग्यांचीं टिपणें इंग्रजींत लिहिलेलीं असून सोबत डोळ्यांचीं रंगीत चित्रें आहेत. पडदा कोठें, बाहुली कशी, हें चितारून ठेवलेलें पाहिलें म्हणजे कोणा रोग्याकडे किती सावकाश पाहिलें गेलें असेल, याची कल्पना येते. आजच्या दवाखान्यांत मला स्वतःला इतका वेळ कोणीं दिलेला नाहीं!

शेजारीं राजाच्या मुदपाकखान्याचें पाकशास्त्र आहे, तें मराठींत. औषध आणि अन्न एकाच छपराखालीं नोंदवून ठेवण्याची ही दृष्टि आपल्या वैद्यकाची जुनीच. पण राजानें ती कारकुनाच्या काटेकोरपणानें चालविली.

शिक्षणाची गोष्ट याहून जवळची. नवविद्याकलानिधि या नांवाची शाळा त्यानें काढली. ओरत्तनाडच्या छत्रांत, म्हणजे धर्मशाळेंत, वाटसरूंस अन्न मिळे तसें मुलांस अन्नासहित विद्या मिळे. छापखानाही त्यानें उभा केला व देवनागरी खिळ्यांनीं इसापनीतीचें मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापविलें. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं पंचांग छापलें तें सन १८३१ त. तंजावरचें हें काम त्याच्या वीस वर्षांहून आधींचें. याहून मौज ‘देवेंद्र कुरवंजी’ची. कुरवंजी हा तमिळ देशांतला नाट्यप्रकार; त्यांत डोंगरवासी कुरव जातीची स्त्री येऊन भविष्य सांगते. राजानें त्याच साच्यांत मराठी नाटक रचलें आणि त्या स्त्रीच्या तोंडीं जगाचा भूगोल घातला. देश, पर्वत, नद्या तिनें गात सांगावयाच्या. मी तीस वर्षें मुलांकडून नकाशे भरवून घेतले. त्या वेळीं ही युक्ति कोणी सांगितली असती, तर वर्गांत पेंग कमी आली असती. मराठी नाटकाचा आरंभ आपण सांगलीस सन १८४३ पासून धरतों, व रंगभूमीच्या अखंड परंपरेच्या दृष्टीनें तें ठीकही आहे. पण त्याच्या दीडशें वर्षें आधीं तंजावरच्या शाहराजानें मराठी नाटकें लिहिलेलीं आहेत, हें शाळेंतल्या मुलास कोणी सांगत नाहीं.

आतां जें पाहून मन अस्वस्थ झालें तें सांगतों. या संग्रहांत मोडी कागदांचे आठशेंहून अधिक रुमाल आहेत. राजवाड्याचे जमाखर्च, छत्रांचे खर्च, पत्रें, अर्ज, खरेदी, अशी त्यांत राज्याची रोजची बोली आहे. आपल्या शाळांतून मोडी गेल्या शतकाच्या मध्यास गेली. आज पदवीधर मनुष्य स्वतःच्या आजोबांचा कागद उलटा धरतो आणि सुलटा केल्यावरही त्यास फरक पडत नाहीं. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानें यांतील कांहीं कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. म्हणजे तमिळ वाचकास मराठ्यांचा हा व्यवहार आपल्या भाषेंत वाचतां येतो, आणि मराठी वाचक मात्र दालनांतल्या काचेपुढें उभा राहून अक्षरांच्या वळणाची तारीफ करतो. मोडी शिकविणारे वर्ग अलीकडे आपल्याकडे ठिकठिकाणीं निघतात ही समाधानाची गोष्ट आहे; पण हे रुमाल तेवढ्यानें सुटावयाचे नाहींत.

तिसऱ्या दिवशीं दालनांतच एका वृद्ध गृहस्थांनीं आमचें बोलणें ऐकून, “आपण पुण्याकडचे काय?” म्हणून विचारलें. त्यांचें घराणें दोनशें वर्षांहून अधिक काळ तेथें आहे. ते आम्हांस आग्रहानें घरीं घेऊन गेले. सुना-नातवंडांनीं भरलेलें घर. सर्वांच्या तोंडीं मराठी, पण तमिळ सुरांत, आणि मध्येंच असा एखादा शब्द येई कीं जो मी केवळ बखरींत वाचलेला. जेवणें झाल्यावर त्यांनीं पितळी कड्यांची पेटी उघडून एक घडी काढली. “मास्तर, हा कागद माझ्या वडिलांसही वाचतां येत नव्हता. जमिनीचा आहे कीं सनद आहे, कळत नाहीं. आपण पाहतां काय?”

आमच्या घरीं कुळकर्णाचें दफ्तर होतें, त्यामुळें लहानपणीं आजोबांनीं मला मोडी गिरवावयास लावली होती. चष्मा पुसून मी खिडकीशीं बसलों. घरांतलीं मंडळी भोंवतीं जमलीं. पोरेंही गप्प होतीं. कागद जमिनीचा नव्हता, सनदही नव्हती. एका लग्नाच्या खर्चाची ती यादी होती. तांदूळ इतके, गूळ इतका, नारळ, विड्याचीं पानें, वाजंत्र्यांस काय दिलें, कोणा आत्याबाईस लुगडें कोणत्या रंगाचें. “आत्याबाई!” म्हणून थोरल्या सूनबाई हंसूं लागल्या आणि मग सर्वच हंसले. वृद्ध गृहस्थ मात्र डोळे मिटून ऐकत होते.

त्यांनीं नातीस वही आणावयास सांगितलें. तिला बाळबोध लिहितां येत नसे. मी एकेक ओळ वाचीत गेलों आणि ती तमिळ अक्षरांत मराठी लिहीत गेली. दोन शब्द मला लागले नाहींत. त्यांच्यापुढें तिनें जागा मोकळी सोडली आहे.