नुसतं ‘टेन्शन’ म्हणून भागत नाही

माझं कामकाज इंग्रजीत चालतं आणि घरचं बोलणं मराठीत. पण मनातलं सांगायची वेळ आली की दोन्हीकडे तेच चार-पाच इंग्रजी शब्द तोंडात येतात: टेन्शन, स्ट्रेस, बोअर, अपसेट आणि अलीकडे डिप्रेशन. परीक्षा आली की टेन्शन, लोकल रखडली की टेन्शन, वडिलांचे रिपोर्ट यायचे असले तरी टेन्शनच. इंग्रजी शब्दांचं मला वावडं नाही. माझी तक्रार उलटी आहे. ज्या भाषेत मनाच्या अवस्थांसाठी शेकडो शब्द आहेत, तिच्यातले सगळ्यांत बोथट तेवढे आपण उचलले. उचलायचेच असतील तर नेमके शब्द उचलावेत आणि त्यांच्यातला फरक पाळावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

‘गिल्ट’ आणि ‘शेम’ ही जोडी घ्या. बोलीतल्या इंग्रजीत त्यांची सर्रास अदलाबदल होते, पण मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुइस यांनी 1971 साली मांडलेला भेद आजही उपयोगी पडतो. गिल्टमध्ये बोच असते केलेल्या गोष्टीची, शेममध्ये स्वतःची. ‘मी वाईट वागले’ ही पहिली, ‘मीच वाईट’ ही दुसरी. जून टँगनी यांच्या पुढच्या संशोधनात दिसलं, की पहिली भावना माणसाला माफी मागायला, झालेलं निस्तरायला लावते; दुसरी तोंड लपवायला, नाहीतर समोरच्यावरच उखडायला. ‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’चंही तसंच. एन्व्हीला दोन माणसं पुरतात: तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. जेलसीला तिसरं लागतं: माझं माणूस तिच्याकडे झुकेल ही धास्ती. सहकारी बाईंचं कौतुक ऐकून पोटात दुखतं तेव्हा मला त्यांच्यासारखं काम यायला हवंय, की साहेबांच्या लेखी माझी किंमत उतरेल अशी भीती वाटतेय? पहिल्यावर उपाय शिकण्याचा आहे, दुसऱ्यावर मोकळेपणी बोलण्याचा. शब्द वेगळे ठेवले की काय करायचं तेही वेगळं होतं, म्हणून मी ते वेगळे ठेवते.

याला प्रयोगांचाही आधार आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डालाची खळबळ कमी झाली; त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव निवडून दिलं तेव्हा तितकी झाली नाही. 2012 साली कोळ्याला घाबरणाऱ्या माणसांना जिवंत टॅरँट्युलाजवळ जायला सांगितलं गेलं. आपल्याला काय वाटतंय ते उघड बोलून दाखवणाऱ्या गटात पुढच्या चाचणीच्या वेळी तळहाताच्या घामावरून मोजलेली भीती इतरांपेक्षा कमी भरली. त्यांतही ज्यांनी भीतीचे शब्द जास्त वापरले, त्यांना फायदा जास्त झाला. ‘काही नाही होत’ अशी समजूत घालण्यापेक्षा ‘मला भीती वाटतेय’ हे सरळ सांगणं कामी येतं, असा त्याचा अर्थ.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: परक्यांचे शब्द कशाला? नाट्यशास्त्रात भरतमुनींनी तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येत-जात राहणारे, भाव सांगितले आहेत. ग्लानी, असूया, व्रीडा आपल्याकडे आहेतच. आहेत, आणि जरूर वापरावेत. पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये किंवा समुपदेशकाने पुढे केलेल्या प्रश्नावलीत आपल्याला इंग्रजीच भेटते. शिवाय इंग्रजीनेही हे भांडार बाहेरूनच भरलं. ‘नॉस्टॅल्जिया’ हे योहानेस होफर यांनी 1688 साली एका आजाराला दिलेलं नाव, तर ‘एम्पथी’ हा मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी 1909 साली जर्मनवरून घडवलेला शब्द. शिकून घेतलेल्या शब्दांनी भावना खोटी होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2020 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या लिखाणात नकारात्मक भावनांचे शब्द अधिक तऱ्हेचे होते, त्यांचा मानसिक त्रासही अधिक आढळला. मग शब्द वाढवून दुःखच वाढवायचं का? मला तसं वाटत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. ज्याने जास्त सोसलं त्याच्याकडे सोसण्याचे शब्द जास्त असणारच. त्याच अभ्यासात आनंदाच्या शब्दांची विविधता मनःस्वास्थ्याशी जोडलेली दिसली, हेही सोडून चालणार नाही. तरी एक इशारा मी मानते. निक हॅस्लम यांनी 2016 साली दाखवून दिलं, की मानसशास्त्रातल्या ‘ट्रॉमा’सारख्या संज्ञा हळूहळू क्षुल्लक गोष्टींपर्यंत ताणल्या जातात. रविवारी संध्याकाळच्या कंटाळ्याला डिप्रेशन म्हटलं की खऱ्या रुग्णाच्या बोलण्याला वजन उरत नाही. पण हा दोष ढिसाळ वापराचा आहे, आणि त्यावरचा उपायही नेमकेपणाच आहे.

तेव्हा इंटरनेटवर मिळणाऱ्या भावनांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. जवळजवळच्या शब्दांच्या चार-दोन जोड्या घ्या आणि त्या कुठे फुटतात ते स्वतःपुरतं तपासा. आणि उदासी दोन आठवडे रोज पाठ सोडत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर शब्द शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा.