नदीच्या अल्याड आणि पल्याड

अजिंठ्याला गेलात तर २६ नंबरच्या लेण्यात जरा जास्त वेळ थांबा. तिथे भिंतीलगत भगवान बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले आहेत. सुमारे ७ मीटर लांबीची ती मूर्ती पाहताना मान इकडून तिकडे फिरवावी लागते. आता तशीच निजलेली मूर्ती ४० मीटर लांबीची असेल तर? क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा, तेवढी! वर छप्पर नाही, भोवती हिरवळ, आणि जवळूनच संथ वाहणारी मेकाँग नदी.

ही मूर्ती लाओस देशात आहे. राजधानी व्हिएन्तिआनपासून पंचवीसेक किलोमीटरवर ‘शिएंग खुआन’ नावाची बाग आहे. परदेशी पाहुणे तिला नुसतं बुद्ध पार्क म्हणतात. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं तिथे गेलो होतो. मी, सातवीतली माझी लेक आणि माझे वडील, म्हणजे अण्णा.

अण्णांची ओळख आधी करून देते. त्यांनी सारा जन्म बांधकामावर मुकादमी केली. कुठेही गेलो की ते आधी भिंतीवर टिचकी मारून बघतात, मग आत शिरतात. देवळातसुद्धा! इथेही तेच झालं. आम्ही ‘केवढी जुनी मूर्ती’ म्हणून माना वर करून बघतोय, तेवढ्यात अण्णांनी एका राक्षसाच्या पायावर बोट आपटलं.

“जुनी कसली? सिमेंट आहे हे,” ते म्हणाले. “आत सळया असणार.”

आणि खरंच तसं होतं. काळी पडलेली, शेवाळलेली ती शिल्पं हजार वर्षांची वाटतात, पण ही बाग १९५८ साली सुरू झाली. म्हणजे अण्णांपेक्षाही लहान! बुनलुआ सुलिलात नावाच्या एका साधकाने आपल्या शिष्यांना घेऊन ही शिल्पं उभारली. दोनशेच्या वर आहेत ती. त्याच्या मनात बुद्ध आणि आपले हिंदू देव यांच्यात भिंतच नव्हती. म्हणून इथे ध्यानस्थ बुद्धाच्या शेजारी शंकर-विष्णू भेटतात, आणि तीन सोंडांच्या हत्तीवर बसलेला इंद्रही. तीन सोंडा, कारण हत्तीला डोकीच तीन! “आपला ऐरावत!” लेक ओरडली. परक्या देशात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं तिला.

खरं सांगायचं तर लाओसमध्ये असं पदोपदी होतं. तिथला राष्ट्रीय फुलाचा मान कुणाला आहे, ठाऊक आहे? आपल्या पांढऱ्या चाफ्याला. त्याला ते ‘डोक चंपा’ म्हणतात. रविवार म्हणजे ‘वान आथित’, त्यात आदित्य लपलाय. सोमवार ‘वान चान’, त्यात चंद्र. रामायणही त्यांचं स्वतःचं आहे, ‘फ्रा लाक फ्रा लाम’. त्यात लक्ष्मणाचं नाव रामाच्या आधी येतं, हे ऐकून धाकट्या भावंडांना बरं वाटेल!

बागेतली सगळ्यात गमतीची वस्तू म्हणजे एक भलाथोरला भोपळा. तोही सिमेंटचाच. राक्षसाच्या उघड्या जबड्यातून आत शिरायचं. आत तीन मजले आहेत: खाली नरक, मध्ये पृथ्वी आणि वर स्वर्ग. नरकात अंधार आणि दमट वास. लेकीने माझा हात घट्ट धरला. जिना इतका अरुंद की अण्णांना आडवं होऊन चढावं लागलं. मी “अण्णा, तुम्ही खालीच थांबा” म्हटलं, तर ते म्हणाले, “नरकात? एकटा?” आणि चढले.

वर आलो तर सगळी बाग पायाखाली. समोर मेकाँग, आणि तिच्या पलीकडचा काठ थायलंडचा. तिबेटात उगम पावणारी ही नदी सहा देशांतून जाते. लाओ भाषेत नदीला ‘मे नाम’ म्हणतात. मे म्हणजे आई आणि नाम म्हणजे पाणी. आपण गंगामाई म्हणतो, तसंच की.

तिथे वर उभं राहून मी अण्णांना पुढची हकिगत सांगितली. १९७५ साली लाओसमध्ये क्रांती झाली, राजेशाही गेली, कम्युनिस्टांचं राज्य आलं. बुनलुआला देश सोडावा लागला. ही सगळी शिल्पं इथेच टाकून तो नदीपार थायलंडात गेला.

अण्णा काही बोलले नाहीत. खाली उतरल्यावर ते एका मूर्तीच्या दंडापाशी थांबले. तिथला सिमेंटचा पापुद्रा निघून आतली सळई उघडी पडली होती. त्यांनी नातीला जवळ बोलावलं. “हे बघ. सिमेंट आहे तोवर सळईला गंज चढत नाही. पण भेगेतून पाणी-हवा आत गेली की सळई गंजते. गंजली की फुगते. आणि फुगली की बाहेरचा माल आतूनच ढकलून देते.”

“मग हे पडणार, आजोबा?”

“डागडुजी नाही केली तर पडणारच.”

हे सांगताना त्यांच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक होतं. ऐन तारुण्यात त्यांनी गावात पाण्याची टाकी बांधली होती, त्यांचं पहिलंवहिलं काम. दोन वर्षांपूर्वी ती पाडली. सळया गंजल्या होत्या, धोका होता, पाडायलाच हवी होती. अण्णा स्वतः तसंच म्हणाले होते. पण पाडायच्या दिवशी ते घराबाहेर पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडून थायलंडच्या नोंगखाई गावी गेलो. हा मैत्री-पूल १९९४ साली झाला. बुनलुआ गेला तेव्हा पूल नव्हता. नोंगखाईजवळ त्याने काय केलं असेल? १९७८ मध्ये, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, पुन्हा शिल्पं उभारायला घेतली! या दुसऱ्या बागेचं नाव ‘साला केओकू’. १९९६ साली वारेपर्यंत तो हेच काम करत होता. इथली शिल्पं आणखी उंच आहेत. सात फण्यांच्या नागाखाली बसलेला बुद्ध तर २५ मीटरचा, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा. वादळात नागराज मुचलिंदाने बुद्धावर फणा धरला, ती गोष्ट आहे ही.

लेकीला मात्र दुसरंच शिल्प आवडलं. एक हत्ती शांतपणे चालला आहे आणि भोवती कुत्र्यांची झुंड भुंकते आहे. काही कुत्री मोटारीत बसलेली, काहींच्या हातात बंदुका! ती खूप हसली.

अण्णा हसले नाहीत. ते त्या उंच नागाच्या पायथ्याशी गेले, टिचकी मारली, चष्मा वर करून सांधे पाहिले.

“काय अण्णा?” मी विचारलं.

“इथे माल चांगला वापरलाय,” ते म्हणाले. “शिकला तो.”

आणि मग त्यांनी, घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच, स्वतःहून फोटो काढायला सांगितला.