परमुलखाची मासोळी

धावड्याच्या बाजारांत मरळ मागण्याची माझी संवय जुनी आहे. मिळण्याची आशा मात्र आतां राहिली नाहीं. परवां टोपलीपुढें बसलेल्या मावशींनीं मला पाहतांच हंसून सांगितलें, “गुर्जी, मरळ कुठली आता? चिलापी न्या. रोज तीच येती जाळ्यात.” मीं निमूटपणें चिलापी घेतली. त्या टोपलींत माझाहि कांहीं वांटा आहे, हें त्यांना ठाऊक नव्हतें.

घरीं मासा साफ करतांना त्याच्या तोंडांत पिवळसर अंडीं सांपडलीं. घरच्या मंडळींना वाटलें, या अधाशानें दुसऱ्या कोणाचीं अंडीं गिळलीं असावींत. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. चिलापीची मादी आपलीं अंडीं तोंडांत धरून उबविते, आणि तोंवर जवळजवळ उपाशी राहते. पिलें बाहेर पडल्यावरहि थोडें भय वाटलें कीं तीं धांवत आईच्या तोंडांत शिरतात. आपल्या संतांनीं मासोळीची तळमळ गायिली, कासवीची दृष्टि गायिली. तोंडांत लेंकरें वागविणारी मासोळी मात्र त्यांच्या पाहण्यांत आली नसावी. येणार कोठून? ती या मुलखाची नव्हेच.

तिचें माहेर म्हणजे आग्नेय आफ्रिकेंतील नद्या. 1952 सालीं ती सिलोनमार्गें भारतांत आली. आणणारांचा हेतु चांगला होता. गोरगरिबांस स्वस्त मासा मिळावा. पुढें 1959 सालीं तिच्या प्रसारास मनाई झाली. पण मनाई कागदावर राहते आणि मासा पाण्यांत. दोन-तीन महिन्यांत वयांत येणारी, वर्षांतून अनेक वेळां विणारी, गढूळ पाण्यांतहि तगणारी ही जात! भीमेवरील उजनीच्या जलाशयांत जाळें टाकावें तों आज तीच हातीं लागते. अंडीं उघड्यावर सोडून जाणाऱ्या माशांनीं या मायाळू आईपुढें टिकाव धरावा तरी कसा? अर्थात् मावशींचें पोट या चिलापीवरच चालतें. त्यांच्यापुढें मरळीचा शोक करणें ही माझ्यासारख्या सुखवस्तु माणसाची चैन आहे, हेंहि मी जाणतों.

1869 सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रांतील शेंकडों जातींना भूमध्य समुद्राचें दार उघडलें. त्यासाठीं वाळवंट खणावें लागलें. मला एक पिशवी पुरली.

शेततळें झालें त्या वर्षीं जाणत्यांनीं रोहू सोडण्यास सांगितलें असतां मीं चिलापीचें बीज आणलें. सहजासहजीं न मरणारा मासा मला हवा होता. पुढच्या भाद्रपदांत एका रात्रीं पावसानें तळें भरून ओसंडलें. सकाळीं बांधावर उभा राहून मीं गेलेल्या माशांचा हिशेब रुपयांत केला. ते गेले कोठें, हा प्रश्न मनास शिवलाहि नाहीं. आमच्या ओढ्याचें पाणी पूर्णेंत जातें, पूर्णेचें गोदावरींत, गोदावरीचें समुद्रांत. आणि या माशाला खारें पाणीहि मानवतें.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशीं मी त्या ओढ्यावर गेलों. कांठच्या उथळ गाळांत ताटाएवढे गोल खळगे दिसले. चिलापीचा नर मादीसाठीं असे खळगे कोरून ठेवतो. मी ते मोजूं लागलों. सतरापर्यंत आलों, तों डोंगराकडून ढगाची सावली आली आणि पाण्याखालचें कांहीं दिसेनासें झालें.