तासांवरून कळत नाही

माझे वडील दारू प्यायचे. मी शाळेत असताना आईने त्यांना पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल केलं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र तेव्हा नवंच होतं. रुग्णांच्या बायकांसाठी तिथे बैठका व्हायच्या. तिथून आली की आई म्हणायची, "किती प्यायले ते मोजत बसू नये. काय लपवतात, ते बघावं."

नवऱ्याच्या फोनकडे माझं लक्ष गेलं ते यामुळेच.

तो भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी करतो, पगार वेळेवर घरी येतो. फोनवर तो जुगार खेळत नव्हता की काही गैर पाहत नव्हता. क्रिकेटचे तुकडे, गाड्यांची दुरुस्ती, बातम्यांवरची भांडणं, एक संपलं की दुसरं. पण मी खोलीत शिरले की फोन उशीखाली जायचा. "किती वाजता झोपलास?" या साध्या प्रश्नाला तो खोटं उत्तर द्यायचा आणि डोळे तांबारलेले असायचे. रात्री दोनलाही "पाचच मिनिटं". ॲप काढून टाकायचा, दोन-चार दिवसांनी परत घ्यायचा. रेंज गेली की मुलीवर खेकसायचा. मित्रांबरोबर पहाटे पर्वती चढायची त्याची जुनी सवय कधी सुटली ते मित्रांनाही नेमकं सांगता येईना. डिसेंबरात मुकुंदनगरला सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात ज्या गायिकेसाठी आम्ही तिकिटं काढली होती, तिचं गाणं रंगात आलेलं असताना हा मान खाली घालून अंगठा सरकवत होता. गाणं हा त्याचा जीव की प्राण. त्या रात्री मला खरी भीती वाटली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, फोनच बघतो ना? दारू तर पीत नाही!" मला या वाक्याचा फार राग येतो. मुलांच्या मोबाइलवर शाळेत पालकसभा होतात. सत्तेचाळीस वर्षांच्या कमावत्या माणसाला कोण विचारणार?

आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. नवराही तयार झाला, कारण त्याची झोप उडाली होती. दिवसाचे तास मी लिहूनच नेले होते. बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. कामासाठी दहा तास पडद्यासमोर बसणारे पुण्यात हजारो आहेत, म्हणाल्या. थांबायचं ठरवून थांबता येतं का, फोन नसला की जीव कसा होतो, नुकसान दिसत असूनही चालूच राहतं का, हे बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून गेमिंगचा विकार आला आहे, त्यालाही साधारण हेच निकष लागतात: ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, त्रास होऊनही न थांबणं, आणि सहसा हे वर्षभर चाललेलं असणं. नुसतं स्क्रोल करत राहण्याला त्या यादीत वेगळं नाव नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मात्र २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं. यादीत नाव नसलं तरी मदत घेता येते, हे ऐकून मला धीर आला.

मग बाईंनी त्याला विचारलं, "फोन हातात घेण्याच्या आधी मनात काय असतं?" तो बराच वेळ गप्प होता. त्याच्या विभागातली माणसं कमी केली जात होती. पुढचा नंबर आपला, या धास्तीने त्याला रात्री पडल्या पडल्या धडधडायचं. घरी त्याने यातलं अक्षरही काढलं नव्हतं.

आता फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ. पर्वती आठवड्यातून दोनदा होते, रोज नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पहाटेपर्यंत जागरण झालं. सकाळी चहा घेताना त्याने मला ते आपणहून सांगितलं आणि बाईंची पुढची वेळही स्वतःच फोन करून ठरवली.