लाल दिवा लागला की आधी शेजारी विचारा

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरी फायबरचं नेट आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

जुलैत माझ्या घरचं नेट नऊ दिवस बंद होतं. ग्राहक सेवेला रोज फोन आणि रोज एकच उत्तर, "सर, मोडेम बंद करून चालू करा." केला. पुन्हा केला. त्या नऊ दिवसांत आमच्या आळीतल्या एका मुलीच्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मची मुदत संपत होती. घरात मोबाईलला जेमतेम एक दांडी. भर पावसात बापाने तिला गाडीवर बसवून शहापूरला सायबर कॅफेत नेलं, तेव्हा संध्याकाळी फॉर्म गेला. नेट म्हणजे रील बघणं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

तर आता त्या डबीबद्दल. आपण तिला मोडेम म्हणतो, पण शहरातला जुना केबल मोडेम टीव्हीच्या जाड तांब्याच्या केबलवर चालायचा. आपल्याकडे केसासारख्या काचेच्या तंतूतून प्रकाश येतो आणि ही डबी (ओएनटी) त्या प्रकाशाचं नेट करते. म्हणून तिच्यावरचे दिवे वाचता आले पाहिजेत. बिलावरच्या आकड्यांइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

पॉवरचा दिवाच नाही? मग अडॅप्टर बघा. आपल्याकडे वीज जाते-येते त्यात पहिला बळी त्याचाच जातो. 'पीओएन' दिवा स्थिर आहे, पण नेट नाही? मग घरापर्यंतची वायर बहुतेक ठीक आहे, घोळ रिचार्जचा, लॉगिनचा किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेचा. आणि 'एलओएस' लाल? म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी डबी शंभर वेळा बंद-चालू केली तरी काही होणार नाही, कारण दोष डबीत नाहीच. हिरव्या टोकाची पिन नीट बसली आहे का आणि वायर कपाटामागे दुमडली आहे का, एवढं बघा. पिन उपसून टोकाला बोट लावू नका, त्यात डोळा घालून तर अजिबात बघू नका. मग सरळ शेजारी जा. त्यांचाही दिवा लाल असेल तर बिघाड मेन लाइनचा, नाहीतर कंपनीच्या मशीनची वीज गेली असेल. फक्त तुमचाच लाल असेल तर खांबापासून तुमच्या घरापर्यंतची वायर. माकडं, उंदीर, पडलेली फांदी, काहीही.

अजून एक गोष्ट, जी मला फार उपयोगी पडली. मोबाईल घरच्या वायफायला जोडून डबीच्या मागे छापलेला पत्ता (बहुतेकांचा 192.168.1.1) ब्राउझरमध्ये टाकला की आत येणाऱ्या प्रकाशाची पॉवर दिसते, डीबीएममध्ये. नेट बंद असलं तरी हे पान उघडतं. चांगल्या दिवशी माझा आकडा उणे 20 असतो, तो मी भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलाय. नेट अडखळायला लागलं त्या दिवशी तो उणे 29 होता. हिशोब सोपा आहे, दर 3 ला प्रकाश निम्मा. म्हणजे नेहमीच्या एक अष्टमांश प्रकाश येत होता. साधारण उणे 27-28 च्या खाली ही डबी धड चालत नाही. दोन दिवसांनी दिवा कायमचा लाल.

फोनवरच्या पोराला हा आकडा कळला नाही. त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे छापील प्रश्न असतात. पण नवव्या दिवशी आलेल्या लाइनमनदादाला आकडा ऐकताच कळलं. "वायर कुठंतरी दबलीय मग तुटलीय," म्हणाला आणि थेट जिथे रस्त्याच्या कडेला खोदकाम झालं होतं तिथे गेला. दगडाखाली चेंगरलेली वायर सापडली. मशीनवर जोड मारला, वीस मिनिटांत काम. एवढ्या गावांना तो एकटा माणूस आहे. त्याच्यावर चिडून काय उपयोग?

चिडायचं तर योग्य जागी चिडा. तक्रार केली की तिचा क्रमांक मागून घ्या. 2012 च्या ट्रायच्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि समाधान नाही झालं तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम आलेत. तीन दिवसांत बिघाड दुरुस्त झाला नाही तर ब्रॉडबँड ग्राहकाला भरपाई देणं त्यात आहे. ती आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका, लेखी मागा. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ते स्पष्ट केलंय.

आणि खोदणाऱ्यांचं काय? खोदण्याआधी खाली कोणाची केबल आहे हे कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲपच काढलं. आपल्याकडे जेसीबीवाल्याला विचारा, तो हसेल. त्याला हसू द्या, पण काम देणाऱ्याने तरी ते वापरायला नको? तानसाचं पाणी आपल्या तालुक्यातून पाइपाने मुंबईला बिनबोभाट जातं, तिथे खोदायची कोणाची टाप नाही. आपली वायर मात्र कोणीही तोडावी.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. गावात खोदकामाला परवानगी देताना केबलवाल्यांना आधी कळवायची अट घाला, एवढीच मागणी. या पावसाळ्यात ज्यांचं नेट तीन दिवसांच्या वर बंद होतं, त्यांनी तक्रार क्रमांक आणि तारखा कागदावर लिहून आणा. लाल दिव्याचा फोटो असेल तर तोही आणा.